सदतीस तारीख

बायको वारून तीन आठवडे झाले आणि तिच्या चष्म्याच्या डबीत एक चिठ्ठी सापडली. वर दहा आकडे, ४२९४९६७२९७. शेजारी ‘फोडून दाखवा’. अक्षर तिचं नव्हतं. खाली तिच्या अक्षरात बऱ्याच जोड्या: ३ – २, मधल्या काही सोडून पुढे १३ – १०, २३ – १३, २९ – १७.

मी तीस वर्षं बस डेपोत टायमकीपर. आमच्याकडे डावीकडे तारीख, उजवीकडे तास. तेराला दहा वाजता. तेवीसला दुपारी एक. एकोणतीसला संध्याकाळी पाच. ३ – २ ला अडखळलो, पण संशयी माणसाला पहाटेचे दोनही दुपारचे वाटतात.

नंबर लावला. ‘हा नंबर अस्तित्वात नाही.’ म्हणजे गड्याने बंद केला.

ती झेरॉक्सच्या दुकानात बसायची. मालकीणबाईंनी अक्षर लगेच ओळखलं. “हे तर मास्तरांचं! प्रश्नपत्रिका काढायला येतात. तासभर बोलत बसायचे दोघं.”

मास्तर सत्तरीचे निघाले. वयाचं काय सांगावं! ताकाला जाऊन भांडं लपवणारा मी नाही. चिठ्ठी पुढे टाकली.

“या भेटी कुठे व्हायच्या?”

“कसल्या भेटी?”

“तारखा लिहिल्यात की.”

त्यांनी चिठ्ठी उलटली. मागे पहिलीच जोडी ३७ – ८.

“सदतीस तारीख तुमच्या डेपोत कुठल्या महिन्यात येते हो?”

मी चिठ्ठी ओढून घेतली आणि पुन्हा सुलटी केली.

“ही वरची दहा आकडी संख्या मूळ आहे असं एका मोठ्या गणितज्ञाला वाटलं होतं. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. तो चुकला होता. त्या म्हणाल्या, कशाने जातो ते सांगू नका, मी हाताने शोधते. डावीकडे भाजक, तेही फक्त मूळ संख्याच, उजवीकडे बाकी. पुढचं वहीत असेल.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“म्हणायच्या, घरी कळलं तर ऐकवतील, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.”

हे मी तिला रोज ऐकवायचो. तरी वाटलं, म्हातारा पढवलेलं बोलत असेल. निघताना त्यांनी विचारलं, “उत्तर सांगू?”

“नको. मीच तपासतो.”

वही शिलाई मशीनच्या खणात मिळाली. शेवटची ओळ ६३१ – १७३. खोटं पकडायचंच म्हणून भागाकार मांडला. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा बाकी १७३ आली. मग वरच्या दहाबारा ओळी तपासल्या. एकही चुकली नव्हती.

तिने पुढे कोणता घेतला असता? ६३३ला तीनने भाग जातो, ६३५ला पाचने, ६३७ला सातने, ६३९ला पुन्हा तीनने. राहिला ६४१.

मांडला. बाकी शून्य. विश्वास बसेना, पुन्हा केला. शून्यच. तिच्या ओळीखाली माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, ६४१ – ०.

मास्तरांकडे गेलो नाही. त्यांना ते आधीपासून माहीत होतं. तिला एकच ओळ कमी पडली होती, आणि मी सगळा वेळ शेजारच्या खोलीत टीव्ही बघत होतो.