बाईंच्या कवितेतले स्वल्पविराम

रानशेतला आमच्या पाड्यावरच्या शाळेत मी खिचडी शिजवते. याच शाळेत मी मनोरमाबाईंच्या हाताखाली शिकले. २०१७च्या एप्रिलमध्ये बाई निवृत्त होणार म्हटल्यावर मला कविता लिहायची हुक्की आली. आयुष्यातली पहिलीच. यमक जुळवता जुळवता दोनदा डाळ करपली, पण शेवटच्या दोन ओळी अशा जमल्या की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली:

शाळा नाही बांधलीत छाया
शिक्षा नाही दिलीत माया

शाळेतल्या सूर्यकांत गुरुजींना वही दाखवली. ते म्हणाले, "छान आहे, पण विरामचिन्हं कुठायत? मोठ्यानं म्हणून बघ. जिथे श्वास घेशील तिथे स्वल्पविराम टाक."

सोपं होतं. आमच्या पाड्यावर लग्नाची गाणी म्हणताना पहिला शब्द ताणतात, मग दम घेतात आणि उरलेली ओळ एका दमात म्हणून टाकतात. मला दुसरी चाल येतच नाही. तेव्हा प्रत्येक ओळीत पहिल्या शब्दानंतर एकेक स्वल्पविराम ठोकला. डहाणूला जाऊन कविता छापून, फ्रेम करून आणली. निरोपाच्या दिवशी भाषणं इतकी लांबली की ती वाचायची राहूनच गेली. कागदात गुंडाळलेली फ्रेम घेऊन बाई बोर्डीला आपल्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी नीलम मॅडमना मी मोबाइलवर फ्रेमचा फोटो दाखवला. त्या शाळेत नव्या, डहाणूच्या. स्वल्पविराम दिसला की थांबणाऱ्या.

"शाळा... नाही बांधलीत छाया. शिक्षा... नाही दिलीत माया." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "वर्षा, तुझं बाईंशी भांडण होतं का गं?"

सातवीत मी शाळा सोडू नये म्हणून ज्या बाई रोज घरी येऊन मला हाताला धरून नेत, त्यांना मी सांगितलं होतं की तुम्ही नुसती शिक्षा केलीत. तेही फ्रेम करून! गुरुजींचा असा राग आला म्हणून सांगू. श्वास घे म्हणे! बाईंना फोन लावला, उचलला नाही. आता त्या माझ्याशी कधी बोलणारच नाहीत, असं धरून चालले. खिचडी उतरवली आणि तडक बोर्डीची एसटी पकडली.

बाई ओट्यावर चिकू निवडत बसल्या होत्या. "बाई, कवितेत चूक झाली. मला तसं म्हणायचं नव्हतं," एवढं पायरीवरूनच सांगितलं आणि रडायलाच लागले.

बाईंनी पाणी दिलं. "वाचलं तेव्हा लागलं मला. खोटं कशाला बोलू? मग म्हटलं, ही पोर लिहिताना गुणगुणली असणार. तुझ्या चालीत म्हणून बघितली."

आणि बाई चक्क म्हणायला लागल्या. पहिला शब्द ताणून, दम घेऊन, आमच्या बायकांसारखं. सूर पार बेसूर. मला इतकं हलकं वाटलं की रडता रडता हसू फुटलं.

"ही चाल कुठे शिकलात?"

"तीस वर्षं तुमच्या लग्नांत जेवले. कान काय घरी ठेवून येत होते?"

आत भिंतीवर फ्रेम लावलेली होती. बाईंनी काच काढून लाल पेनाने शेवटच्या ओळींतले दोन्ही स्वल्पविराम खोडले होते आणि 'नाही'च्या नंतर दिले होते: शाळा नाही, बांधलीत छाया. खाली गुण घातले होते, दहापैकी नऊ.

"एक गुण स्वल्पविरामांचा कापला?" मी विचारलं.

"छे. छायेचा. छाया धरतात गं, बांधत नाहीत. यमकासाठी शब्द बदललास ना? आधी काय होतं?"

"मांडव," मी म्हणाले.

बाईंनी फ्रेम खाली उतरवून लाल पेन उचललं. 'छाया' खोडून वर 'मांडव' लिहिलं, 'बांधलीत'चं 'बांधलात' केलं. यमक गेलं. मग नऊ खोडून त्यांनी दहा केले.