सिंहाच्या तोंडचं पाणी

दुपारचे दीड वाजत आले की आमच्या संग्रहालयाच्या तळमजल्यावर पाय ठेवायला जागा नसे. बाटल्या, बरण्या, थर्मास घेऊन लोक भिंतीत बसवलेल्या दगडी सिंहाच्या तोंडाकडे टक लावून उभे असत. हा सिंह एका प्राचीन झऱ्याच्या उत्खननात सापडलेला. त्या काळचे लोक झऱ्याला देव मानत. महिन्यापूर्वी एके दुपारी सिंहाच्या तोंडातून पाणी ठिबकू लागलं आणि आठवडाभरात मौनीबाबा प्रकटले. मौनी नावापुरतेच, बाबांचं तोंड सिंहापेक्षा जास्त वाहायचं. या पाण्याने गुडघे, मुतखडे आणि कोर्टातले खटले सुटतात, असं ते सांगत.

मी संग्रहालयाचा प्रमुख. पाणी कुठून तरी गळतंय, एवढं मला कळत होतं. दुरुस्तीसाठी मी वरिष्ठांना दोनदा लिहिलं. उत्तर आलं की प्रेक्षकसंख्या वाढली आहे, तूर्त हात लावू नये. मला हसू यायचं. मग एक दिवस रांगेत माझी सख्खी मावशी दिसली. तिने रक्तदाबाच्या गोळ्या तीन आठवडे बंद केल्या होत्या. समजवायला गेलो तर म्हणाली, चार बुकं शिकलास म्हणून मला शिकवू नकोस.

हे मी आमच्या सफाईच्या बाईंना सांगितलं. वीस वर्षं ही इमारत पुसणाऱ्या बाईंनी एकच विचारलं, "साहेब, आपण जेवणाचे डबे किती वाजता धुतो?"

दीड वाजता. वरच्या मजल्यावर, सिंहाच्या बरोबर डोक्यावरच्या बेसिनमध्ये.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या बेसिनमध्ये नीळ ओतली. सिंह निळं पाणी ओकू लागला. मला वाटलं, संपला खेळ. बाबांनी पापणीही न हलवता जाहीर केलं की आकाशतत्त्व उतरलं आहे, आता मधुमेहही जाईल. रांग दुप्पट झाली. मावशीने मोठी बरणी आणली.

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. "आधी सांगायला हवं होतं."

तिसऱ्या दिवशी त्या भर गर्दीत उभ्या राहिल्या आणि आज कुठला रंग येणार ते बाबांनी आधी सांगावं, म्हणाल्या. बाबा पंचमहाभूतांवर बरंच बोलले, रंगाचं काही बोलेनात. लोकच मागे लागले तेव्हा पुटपुटले, "पिवळा."

"लाल," बाई म्हणाल्या, आणि मावशीला हाताला धरून वर घेऊन गेल्या. मावशीने स्वतः लाल रंग ओतून नळ सोडला. खाली लाल धार लागली. तिने नळ बंद केला, तशी थोड्या वेळात धारही थांबली. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि मागोमाग बाबाही.

मावशी खाली आली. तिने अगदी शांतपणे विचारलं, "या बेसिनमध्ये आणखी काय काय धुता?"

बाई खोटं बोलत नाहीत. "डबे, कपबशा. आणि साहेबांची कवळी."

दालन दोन मिनिटांत रिकामं झालं.

प्लंबरने भिंत फोडली, तर सांडपाण्याच्या पाइपचा जोड गंजून गेलेला. मावशीला मी तडक डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब इतका चढला होता की आणखी थोडे दिवस गेले असते तर निभावणं कठीण होतं, असं ते म्हणाले. आता ती गोळ्या घेते. माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

झऱ्याने जगवलं म्हणून त्या जुन्या माणसांनी त्याला देव म्हटलं. पण पिण्याचं पाणी घाण होऊ नये म्हणून गुरांसाठी त्यांनी वेगळी कुंडी खोदली होती. तीही आमच्याकडे आहे, तिच्यापुढे कोणी थांबत नाही. चमत्कार सांगणारा भेटला तर काल काय घडलं ते त्याला विचारू नका. त्याचा अर्थ तो कसाही लावेल. उद्या काय घडणार ते विचारा, लिहून घ्या आणि स्वतः तपासून पाहा.