चौदा नंबरची बोट उजवीकडे जाते

आमची चौदा नंबरची बोट हंगामातल्या शेवटच्या शर्यतीत पहिली आली. दुसऱ्या बोटीला चांगली पाऊण फेरी मागे टाकून.

हे वाक्य कृपया विसरून जा. असं काही झालेलं नाही. बोट आमच्या जेवणाच्या टेबलावर पालथी पडलेली आहे, तिच्या पोटातले अवयव वर्तमानपत्रावर मांडलेले आहेत, आणि आई हातात ताट घेऊन विचारते आहे, "मी हे कुठे ठेवू? हिच्या पाठीवर?"

"ठेव ना. सपाट आहे."

आईने खरंच ठेवलं. आमच्या घरी विनोदाला विनोदाने उत्तर देत नाहीत, तो अमलात आणतात.

बोट बाबांची. हातभर लांब, फायबरची, रिमोटवर चालणारी. बाबा पाच महिन्यांपूर्वी गेले. हे मी कारखान्यात फोनवर एकाला सांगितलं, तर त्याने विचारलं, "मग परत कधी येणार?" मी म्हटलं, "बघू." त्याची ऑर्डर मोठी होती.

कारखाना म्हणजे कवळ्यांचा. बाबांनी तिथे एकतीस वर्षं लोकांचे दात बनवले, आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर मी सहा वर्षं बनवतोय. बोटीच्या तळाला भेग पडली की बाबा ती कवळीच्या गुलाबी मसाल्याने बुजवायचे. त्यामुळे आमची बोट पालथी केली की हिरड्या दिसतात. तळ्यावर तिला सगळे ‘म्हातारी’ म्हणतात.

आता अडचण. तळ्यावरच्या बोट मंडळाचा नियम असा की एखादा सभासद गेला, तर त्याचा नंबर सहा महिने घरच्यांकडे राहतो. तेवढ्यात घरच्या कुणीतरी त्याच बोटीने एक शर्यत पूर्ण करायची. जिंकायची नाही, नुसती पूर्ण करायची. नाही जमलं, तर नंबर प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला. तो माणूस दर रविवारी तळ्यावर येऊन माझ्याकडे ज्या मायेने बघायचा, तशी माया मला नातेवाइकांकडूनही मिळालेली नाही. चौदा नंबर बाबांचा होता. घराच्या दारावर नावाची पाटी नसेल एक वेळ, पण चौदाचा आकडा बाबांनी टोपीवर, थर्मासवर आणि एकदा चुकून माझ्या शाळेच्या दप्तरावरही रंगवला होता. तो मला जाऊ द्यायचा नव्हता. म्हणून दोन शर्यतींत मी बोट उतरवली आणि दोन्ही वेळा ती वेग घेताच उजवीकडे वळली आणि लव्हाळ्यात जाऊन बसली. वळणावर नाही, सरळ रस्त्यावर. रिमोटवरचं चाक मधोमध धरलेलं असताना. जणू तिला तिकडे काम होतं.

मग मी तिचे इलाज सुरू केले. आधी बॅटरी बोटभर मागे सरकवली. बोट उजवीकडेच गेली, पण नाक वर करून, उड्या मारत. बॅटरी पुढे घेतली, तर ती नाक पाण्यात खुपसून उजवीकडे गेली. मागच्या, तोल सांभाळणाऱ्या दोन्ही पत्र्या केसभर वाकवल्या, पंखा बदलला, पंख्याचा दांडा सरळ केला. सुकाणू काढून पट्टीने मोजलं. अगदी नाकासमोर होतं. अर्थात हे सगळं बॅटरी न लावता. टेबलावर बॅटरी लावायची नाही हा आमच्या घरचा कायदा, कारण एकदा पंख्याने टेबलक्लॉथ गुंडाळून घेतला होता आणि त्याबरोबर पाहुण्यांचा चहाही.

"आई, हिला काय झालंय ते तुला माहीत आहे का?" मी एकदा विचारलं होतं.

आई ही बाबांची सोडणारी. या खेळात दोन माणसं लागतात: एक काठावर रिमोट धरतो, दुसरा गमबूट घालून पाण्यात उभा राहतो आणि सुरू झालेली बोट दोन्ही हातांनी सोडतो. बावीस वर्षं आईने बोट सोडली. बाबा गेल्यापासून ती तळ्यावर आलेली नव्हती; त्या दोन शर्यतींत मी काठावरच्या कुणालातरी हाताशी धरून भागवलं होतं.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. ताट भरलेलंच होतं.

शेवटी घड्याळवाले काका आले. हे बाबांचे मित्र, घड्याळं दुरुस्त करतात आणि स्वतः कुठेही वेळेवर पोचत नाहीत. त्यांनी चष्मा वर केला, बोट पाहिली, पत्र्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

"कवळ्याही अशाच करतोस का रे?"

"का?"

"दुखतंय तिथे सोडून बाकी सगळं तोंड कोरलंयस. रिमोट बघितलास?"

रिमोट मी बघितला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा माझ्या मांडीवर होता. पिस्तुलासारखा रिमोट: एका हाताचं बोट घोड्यावर, ते वेगासाठी, दुसरा हात चाकावर, तो दिशेसाठी. चाकाशेजारी दोन बारीक बटणं. बोट किंचित डावीकडे जात असेल तर उजवं बटण दाबायचं, ‘टुक’ वाजतं आणि सुकाणू कणभर उजवीकडे सरकतं. असे टुक रिमोट लक्षात ठेवतो. किती, ते पडद्यावर दिसतं. आमचा पडदा दोन वर्षांपूर्वी तळ्यात पडून आंधळा झाला होता.

"आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," काका म्हणाले. "यात उजवीकडचे टुक भरून ठेवलेत कुणीतरी. शून्य कर. दोन्ही बटणं दाबून धर, लांब शिट्टी वाजेपर्यंत."

मी दाबून धरली. तीन सेकंद. लांब शिट्टी वाजली. बॅटरी आणि पत्र्या होत्या तिथे परत आणल्या, आणि संध्याकाळी तळ्यावर म्हातारी अशी सरळ गेली की काकांनी टोपी काढली.

"कुणी भरले असतील एवढे टुक?" मी विचारलं.

"तुझ्या बाबानेच. दुसरं कोण हात लावणार? पण त्याची बोट तर सरळ जायची," काका म्हणाले आणि बराच वेळ टोपी हातात घेऊनच उभे राहिले. मी म्हातारीला पुसत होतो. मी खुशीत होतो.

शेवटच्या शर्यतीच्या रविवारी सकाळी आई गमबूट घालून दारात उभी. "चल," म्हणाली. "सोडायला कोण आहे तुला?"

तळ्यावर सेक्रेटरीसाहेबांनी आमचं स्वागत केलं. साहेबांच्या तोंडात बाबांनी बनवलेली शेवटची कवळी आहे. ती डावीकडे जरा आधी टेकते, त्यामुळे साहेब बोलताना डावा गाल सांभाळून बोलतात. बाबांच्या शेवटच्या वर्षात तीन गिऱ्हाइकं हीच तक्रार घेऊन आली होती. तिन्ही कवळ्या मी घासून सरळ करून दिल्या आणि बाबांना म्हटलं, "तुमचा कल डावीकडे चाललाय. निवडणुकीला उभे राहा." बाबा हसले. जरा जास्तच वेळ हसले.

सहा बोटी. सहा जण काठावर रिमोट घेऊन, सहा जण गुडघाभर पाण्यात. घंटा झाली. पाच बोटी सुटल्या.

आमची सुटली नाही. पंखा फिरतोय, पाणी उडतंय, आई भिजतेय, आणि तिने बोट दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवली आहे.

"सोड, आई!"

"थांब ना!"

"अगं, शर्यत सुरू झाली!"

"वाजलं नाही अजून!"

"काय वाजायचंय?"

"टुकटुक!" ती ओरडली. "बाबा आधी टुकटुक करायचे, मग मी सोडायचे!"

"आता नाही लागत ते! सरळ जाते ती! मी शून्य केलंय!"

आईने माझ्याकडे पाहिलं. बोट सोडली, असं म्हणता येणार नाही. तिचे हात उघडले.

म्हातारी निघाली. तिसऱ्या फेरीत तिने पाचवीला गाठलं, चौथ्या फेरीत सगळ्यांना. मी चाकाला जवळजवळ हातच लावत नव्हतो. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे आणि विसरायलाही सांगितलं आहे. घड्याळवाले काका माझ्या पाठीवर थापा मारत होते. यादीतल्या पहिल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होता, पण मी पाण्याकडे बघत होतो. आई अजून तिथेच उभी होती, रिकामे हात पुढे धरून.

मी बुटांसकट आत गेलो.

"आई, जिंकलो. नंबर राहिला."

"किती होते?" तिने विचारलं.

"काय?"

"टुक. किती होते त्यात?"

"माहीत नाही. पडदा आंधळा आहे. मी एकदम शून्य केलं."

ती मान हलवत राहिली. मग तिने सांगितलं, ते इथे तिच्याच शब्दांत देतो, कारण मला त्यात घासण्यासारखं काही सापडलं नाही.

"त्यांचा चाकावरचा हात डावीकडे ओढायला लागला होता. दीड वर्ष. सरळ धरला तरी चाक आपोआप डावीकडे जायचं. मला म्हणाले, कुणाला सांगू नकोस, कारखान्यातून काढतील. मग दर रविवारी बोट सोडायच्या आधी हात बघायचे आणि तेवढे टुक उजवीकडे द्यायचे. बोट सरळ जायची. कुणाला कळायचं नाही. मला कळायचं. मी पाण्यात उभी राहून मोजायचे. एखाद्या रविवारी एक. एखाद्या रविवारी दोन. एका रविवारी एकदम चार वाजले आणि काठावरून मला म्हणाले, आज हवा छान आहे. एकोणीसपर्यंत मोजले मी. मग मोजायचं सोडलं. म्हटलं, मोजलंच नाही तर वाढणार नाही."

बाबांच्या डोक्यातली गाठ डॉक्टरांना सापडली तेव्हा ती लिंबाएवढी होती. आईला ती दीड वर्ष ऐकू येत होती.

म्हणजे बोट बिघडलेली नव्हतीच. ती बाबांच्या हाताबरोबर अगदी बरोबर होती. तो हात जगात एकाच ठिकाणी मोजून ठेवलेला होता, आणि मी तीन सेकंद दोन बटणं दाबून धरली. तीन कवळ्यांमध्येही होता. त्याही मीच घासल्या. नीट, गुळगुळीत. माझं काम स्वच्छ असतं.

बक्षीस देताना सेक्रेटरीसाहेब दोन शब्द बोलले, डावा गाल सांभाळून. नंतर मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "साहेब, तुमची कवळी एकदा बघू का मी?" मला फक्त बघायची होती.

साहेबांनी तोंडावर हात धरला. "नको रे. सवय झालीय मला. राहू दे अशीच."

"राहू द्या," मी म्हटलं. "कुणालाही हात लावू देऊ नका. मलासुद्धा."

घरी आल्यावर आईने टेबल पुसलं आणि मला पेन दिलं. अक्षर माझं, सही दोघांची. अर्ज पुढीलप्रमाणे:

प्रति,
मा. सेक्रेटरी यांस,

विषय: बोट क्र. १४ पूर्ववत उजवीकडे नेऊन मिळणेबाबत.

महोदय,

वरील बोट रविवारच्या शर्यतीत सरळ गेल्यामुळे पहिली आली आहे. हे नजरचुकीने घडले. तरी सदर निकाल रद्द करावा, सोबत जोडलेल्या रिमोटमधील एकोणीसपेक्षा जास्त असलेला परंतु अर्जदारांना माहीत नसलेला आकडा शोधून तो पुन्हा भरून द्यावा, आणि मूळ सभासदास एका रविवारपुरते काठावर उभे राहण्याची परवानगी देण्यात यावी. बोट सोडण्यास अर्जदार क्र. २ गमबुटासह हजर राहतील. टुकटुक वाजल्याशिवाय बोट सोडली जाणार नाही.

तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.