पोरीच्या नावावर चार लाख ऐंशी हजार

मोबाइल माझा, पण त्यातलं वाचून दाखवायचं काम वर्षाराणीचं. माझ्या बारावीतल्या थोरलीचं. त्या दिवशी भाकरी थापता थापता मी म्हणलं, "बघ गं कुणाचा मेसेज हाय." तिनं मेसेज दोनदा वाचला.

"आई, इन्कम टॅक्सचा हाय. माझ्या नावानं. गेल्या साली मला लई उत्पन्न झालंय म्हणं, त्याचं उत्तर द्या म्हणायलेत."

"तुला? कुठलं आलंय गं उत्पन्न?"

सतरा वर्षांची पोर. कमाई म्हणाल तर दहावीच्या सुट्टीत लातूरला माझ्या भावाच्या, मल्लिनाथच्या, आडत दुकानात महिनाभर बसली होती तेवढीच. सोयाबीन विक्रीच्या पावत्या, म्हंजे पट्ट्या लिहायची, काटा बघायची, फोन घ्यायची. सुट्टी संपल्यावर मला म्हणली होती, "आई, मामा पगार देणार का?" मी अशी झापली तिला! म्हणलं, घरची पोर तू, मामाकडं पगार मागतीस? लाज वाटत न्हाई? मामानं एक ड्रेस घेऊन दिला, तो घेऊन ती उदगीरला परत आली. पुन्हा तिनं त्यो विषय काढला न्हाई.

आता ह्यो मेसेज बघून माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मामानं गुपचूप पैसे दिले आन् हिनं दाबून ठेवले, दुसरं काय! तिची बॅग घेतली, उपडी केली, वह्या झटकल्या. "खरं बोल, किती दिले मामानं? कुठं घातलेस?" ती नुसती बघत राहिली माझ्याकडं. मला वाटलं, चोर गप्पच बसतो. देवा, काय काय वाटून घेतलं मी!

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन रुद्रेशकडं गेले. गल्लीतलंच पोरगं, टॅक्सची कामं करतंय. पहिलं त्यालाच ओरडले, "सुट्टीत काम करणाऱ्या लेकरांनाबी टॅक्स लावायलेत का रे आता?"

"तसं न्हाई काकू," तो हसत म्हणला. "लेकरानं स्वतःच्या कष्टानं कमावलं तर ते त्याचंच उत्पन्न धरतात, आन् थोड्याथोडक्यावर टॅक्स बसत न्हाई. बघू तरी काय हाय ते." त्यानं कम्प्युटरवर काय काय दाबलं आन् त्याचं हसू गेलं.

"वर्षा, तू मल्लिनाथमामाकडं कमिशन एजंट होतीस का?"

"मी पट्ट्या लिहीत होते, दादा."

"इथं तुला चार लाख ऐंशी हजार कमिशन दिलंय असं दाखवलंय."

अगं बाई! मला ऐकूच येईना पुढचं. चार लाख ऐंशी हजार! आमच्या ह्यांचं किराणा दुकान वर्षभरात एवढं हाती ठेवत न्हाई. मी वर्षाकडं बघितलं. ती माझ्यापेक्षा जास्त हादरली होती. ओठ पांढरे पडले होते पोरीचे.

"पैसे तिच्या खात्यावर आले होते, काकू," रुद्रेश म्हणला. "पासबुक आणलंय ना?" पासबुक काय, मी कधी उघडून बघितलं होतं का? मल्लिनाथनंच तिचं खातं आन् पॅन कार्ड काढलं होतं, भाचीच्या शिक्षणाला उपयोगी पडंल म्हणून. रुद्रेशनं पानं उलटली. "आले तसे दोन-दोन दिवसांत चेकनं निघालेत. सज्ञान न्हाई ती, म्हणजे चेकवर सही पालकाची लागती. तुमची."

मला एकदम आठवलं. गेल्या साली पंचमीला माहेरी गेले होते. मल्लिनाथनं चेकबुक पुढं ठेवलं आन् म्हणला, "अक्का, एवढ्या सह्या करून ठीव, दरवेळी उदगीरला कोण येतंय." झोक्यावरून उतरून मी सगळ्या कोऱ्या चेकांवर सह्या केल्या आन् परत झोक्यावर जाऊन बसले.

तिथूनच फोन लावला त्याला. "मल्ल्या, हे काय केलंस रे?"

तो जरासुद्धा घाबरला न्हाई. "अक्का, सगळेच करतात. पोरीला कमिशन दाखवून माझ्या टॅक्सचं ओझं थोडं कमी केलं. तिनं काम केलं, पैसे मिळाले, एवढंच लिहून दे. तिला एक रुपया टॅक्स बसत न्हाई. कुणाचं काय जातंय?"

फोन स्पीकरवर होता. वर्षानं रुद्रेशकडं बघितलं. "दादा, काम केलं ते लिहा. पैसे मिळाले ते लिहू नका. मला मिळाले न्हाईत."

"अक्का, पोरीला आवर!" मल्लिनाथ ओरडला. "न्हाईतर माहेराला मुकशील, सांगून ठेवतो."

आईवडील गेल्यापासून माहेर म्हणजे तो एकटाच. पण शेजारी बसलेल्या पोरीची बॅग मी काल उपडी केली होती, ते कसं विसरू? मी म्हणलं, "मुकते मग," आन् फोन ठेवला.

"रुद्रेश, खरं तेच लिही. सह्या माझ्या, पैसे भावानं नेले."

"काकू, मग चौकशी तुमच्याकडंबी येईल."

"येऊ दे."

मला वाटलं, आता तरी वर्षा माझा हात धरंल. ती बघत होती माझ्याकडं, पण कालच्यासारखंच.

"आई, मला एक सांग," ती म्हणली. "कोऱ्या चेकवर सह्या करताना तुला काहीच वाटलं न्हाई?"

न्हाई म्हणले असते तर विश्वास ठेवला असता तिनं. रुद्रेशनंबी ठेवला असता.

"वाटलं होतं," मी म्हणलं.