निखारे पडेपर्यंत

एव्हर्ट स्लाबर्टचा मेंढ्यांवर राग नव्हता. त्याचा राग फक्त एकाच मेंढीवर होता, आणि तिला त्यानेच जन्माला घातलं होतं.

मिसरूड फुटायच्या वयात त्याने 'लंगडी मेंढी' नावाची कविता लिहिली. ती लोकरीच्या एका व्यापाऱ्याच्या कॅलेंडरवर छापून आली आणि कवी म्हणून त्याचं वाटोळं झालं. त्यानंतर त्याने काहीही लिहिलं तरी बिटरकोल्क गाव मेंढीच मागायचं. चर्चच्या बायकांनी तर ती भांडी पुसायच्या फडक्यांवर छापून घेतली होती. त्याची बायको रेन्शा रोज त्याच्याच कवितेने कढई पुसायची.

यंदा मात्र चर्चच्या जत्रेत 'कोरडी नदी' हे दीर्घकाव्य अख्खं वाचायचंच, असं त्याने ठरवलं. अकरा वर्षं घासलं होतं. आफ्रिकान्स भाषेत असं काही झालंच नाही, असं निदान एका माणसाचं तरी मत होतं, आणि तो माणूस आता जत्रेच्या प्रमुख हेस्टरमावशींपुढे उभा होता.

"वाच की," मावशी पॅनकेकवर दालचिनी-साखर भुरभुरत म्हणाल्या. "निखारे पडेपर्यंत वाच. एकदा मटण जाळीवर चढलं की पाद्र्याचंही कोणी ऐकत नाही."

"चालेल. थाइसकाकांचा बाभळीचा ओंडका चांगला दीड तास जळतो."

"यंदा द्राक्षाच्या काड्या आणल्यात त्यांनी. भराभर जळतात."

म्हणजे नदी उगमालाच आटणार. एव्हर्ट तडक थाइसकाकांच्या जाळापाशी गेला.

"काका, जरा सावकाश पेटवा ना."

थाइसकाकांनी चिमटा हवेत दोनदा वाजवला. "मी तुला कधी शिकवतो का, कविता कशी लिहायची ते?"

"दरवर्षी शिकवता. मेंढी शेवटी मारायला नको होतीस म्हणता."

"ते मेंढीचं झालं. मेंढ्यांतलं मला कळतं."

बिटरकोल्कमध्ये लोक एकमेकांच्या कुंपणाला, कुत्र्याला, सुनेला खुशाल नावं ठेवतात, पण दुसऱ्याच्या जाळाला हात लावत नाहीत. जाळ ज्याचा, चिमटा त्याचा. थाइसकाकांच्या सख्ख्या भावाने एकदा जाळात एक काडी सारली होती, तर दोघं दोन नाताळ वेगळे जेवले.

हे सगळं एव्हर्टला ठाऊक होतं. तरी काका बोकडाचं वजन ओळखायच्या पैजेला गेले, तसा त्याने चर्चमागून निलगिरीचा एक भलामोठा ओंडका ओढत आणला आणि जाळात ढकलून दिला. आता निदान दीड तासाची निश्चिंती झाली.

ओंडका सकाळीच तोडलेला होता, हे काही त्याने पाहिलं नाही.

मंच म्हणून उभ्या केलेल्या ट्रेलरवर तो चढला, घसा खाकरून त्याने नदीच्या पहिल्या चार ओळी वाचल्या, आणि धूर आला. पांढरा, दाट, थेट त्याच्याकडे. समोरचं सगळं गाव डोळे पुसायला लागलं.

"काय लिहितो हो," मागून कोणीतरी हुंदका देत म्हणालं. "काळजाला हात घालतो."

एव्हर्टला आता कागदच दिसेना. आठवून म्हणावं, तर अकरा वर्षं बदलून बदलून प्रत्येक ओळीची पाच रूपं डोक्यात, आणि त्यातलं एकही जागेवर नाही. माइकसमोर तो नुसता खोकत राहिला. गाव वाट बघत होतं. त्याला जगात एकच कविता तोंडपाठ होती.

नाही म्हणायची, असं त्याने ठरवलं. आणि म्हटली.

दुसऱ्या ओळीपासून सगळं गाव त्याच्या सुरात सूर मिळवू लागलं. मेंढी मेली तेव्हा एकही डोळा कोरडा नव्हता.

तो खाली उतरला तर समोर थाइसकाका. चिमट्याचं टोक जाळात धुमसणाऱ्या ओंडक्याकडे रोखलेलं.

"हा तुझा?"

"काका, ते..."

"निखारे पडायला आता तास-दीड तास लागेल. सगळी भुकेली बसलीत."

तास-दीड तास. एव्हर्टचे डोळे धुरातही चमकले. "मग तोवर मी नदी..."

"तू?" काकांनी चिमटा त्याच्या हातात कोंबला. "जाळ तू बिघडवलास, आता तूच निस्तर. इथून हललास तर बघ."

"अहो, पण मग लोकांना कोण रमवणार?"

त्याची काळजी हेस्टरमावशींनी आधीच घेतली होती. रेन्शा ट्रेलरवर चढत होती. तिने चार माणसांना दिसेल असं भांडी पुसायचं फडकं दोन्ही हातांनी ताणून धरलं.

"पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली. "आणि या वेळी सावकाश."

गाव सुरू झालं. एव्हर्टने चिमटा हवेत दोनदा वाजवला आणि ओंडका पलटला.