पुढं चालणारी भामाबाई

फोनवर दिपाली म्हणाली, "मावशी, खोळ शिवून आण. आणि लवकर ये. ही बाई माझ्याकडं बघतच न्हाई."

ही बाई म्हणजे मातीची. मी नांदेडला ब्लाउज शिवते. पण ओल्या मातीच्या पुतळ्याला गोणपाटाची खोळ शिवणारी अख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच असेन. माती वाळली की तडकते, म्हणून काम थांबलं की पुतळ्यावर ओली खोळ चढवायची. खांदे बावीस, डोकं अकरा, अशी मापं माझी भाची फोनवर सांगते. गिऱ्हाईक कधी घट्ट झालं म्हणत नाही.

एसटीनं साडेतीन तासांत लातूर. बंद डाळमिलच्या मागं तिचं पत्र्याचं शेड आहे. गेले तर दिपाली शेडमध्ये येरझाऱ्या घालत होती. उजवा गुडघा दर दोन पावलांना कट् वाजतो तिचा. खाली मातीत एक डोकं पडलेलं.

"चौथं," ती म्हणाली. "अकराला कमिटी येणार."

"आधी बस."

"बसता आलं असतं तर बँकेत लागले नसते का?"

हे खरं होतं. ही पोरगी लहानपणापासून कुठं टिकली नाही, रग्बी सोडून. नऊ वर्षं राज्याकडून खेळली. आमच्या गल्लीत कुणाला रग्बी माहीत नव्हती. आमची ताई, म्हणजे तिची आई, सांगायची, "कबड्डीच हाय, मदी एक अंड्यासारखा बॉल सोडलाय." नांदेडला सामना होता तेव्हा मी बघायला गेले होते. दिपाली बॉल घेऊन जीव तोडून पुढं पळत होती आणि ऐन वेळी तिनं तो मागं फेकला. मी उभी राहून ओरडले, "अगं येडे, पुढं टाक की!" सगळं मैदान हसलं. बॉल मागंच टाकायचा असतो, पळायचं मात्र पुढं, हे मला नंतर कळलं.

मग गुडघा गेला. सहा महिने पाय प्लास्टरमध्ये. पुठ्ठ्यांवर संघातल्या पोरींचे चेहरे रंगवत पडून राहिली. पुढं डॉक्टरकीच्या कोचिंग क्लासच्या भिंतींवर शरीराच्या आकृत्या काढल्या. लातुरातल्या किती डॉक्टरांनी पहिलं हृदय तिच्या हातचं बघितलं असेल, कोण जाणे. मग मूर्तिकाराकडं माती मळली, दुसऱ्यांच्या पुतळ्यांचे कान बसवले. हा पुतळा तिचा पहिला, डोक्यापासून टाचेपर्यंत तिचा. आज पास झाला नाही तर पुन्हा भिंती आणि हृदयं.

पुतळा भामाबाईचा. मुरुडजवळच्या एका गावातली ही बाई. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी वस्तीतल्या अकरा पोरींना ती रोज मुरुडच्या शाळेत चालवत न्यायची. वाटेत ओढा, कुत्री, टवाळ लोक. स्वतः अंगठेबहाद्दर. त्या पोरींतल्या कुणी नर्स झाल्या, कुणी मास्तरीण. भामाबाई गेली, आणि तिचा एकही फोटो निघाला नाही.

अकराला क्रूझर आली. कमिटीचे अध्यक्ष आनंदराज सर, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्यासोबत त्या अकरांपैकी हयात तिघी. सगळ्यांत धाकटी चतुराबाई काठी टेकत उतरली.

दिपालीनं घाईघाईत पाचवं डोकं बसवलं होतं. पुतळा समोर बघत ताठ उभा, हातात पुस्तक. पुस्तक सरांनी सुचवलेलं.

सर खूश दिसले. "छान. भारदस्त आहे."

म्हाताऱ्यांनी पुतळा वरखाली बघितला. एकीनं पदरानं नाक पुसलं. दुसरी म्हणाली, "लुगडं बराबर हाय."

"आणि तोंड?" दिपालीनं विचारलं.

"तोंडाचं काय," चतुराबाई म्हणाली, "चांगलंच हाय. पर ही कोन बाई म्हनायची?"



सरांनी घसा साफ केला. "दिपालीताई, रागावू नका. नांदेडच्या एका कारखान्यात तयार साचे आहेत. धड तेच असतं, मुंडकं तेवढं बदलतात. अनावरणाची तारीख जवळ आलीय. ओळखच पटत नसेल तर..."

"मग तिथलं मुंडकं तरी ओळखू येईल का?" मी म्हणाले. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी खोळीचा टाका तपासायला लागले.

दिपाली पुन्हा येरझाऱ्या घालायला लागली. कट्, कट्. मग चतुराबाईसमोर थांबली. "आज्जी, नाक कसं होतं? डोळे कसे होते? चार खेपा विचारलं तुम्हाला. दर खेपेला येगळंच सांगता!"

"तर काय करू?" चतुराबाई तडकली. "तोंड कवा बघितलं आमी तिचं निवांत? ती म्होरं, आमी मागं. जाताना तसं, येताना तसं."

"मग चालून दाखवा."

"आं?"

"ती कशी चालायची. दाखवा."

"ह्या वयात नाचवायली का मला," असं म्हणत तिनं काठी सरांच्या हातात दिली. बाकीच्या दोघी तिच्या मागं उभ्या राहिल्या, कुणी न सांगता. चतुराबाई चालायला लागली. तीन पावलं गेली, आणि पाय पुढंच चालत असताना मान वळवून मागं बघितलं. पुन्हा दोन पावलं. डावा हात मागं आला, पंजा उघडा. "या गं, या. बघू नका तिकडं. या." मागच्या दोघी चेहरा विसरल्या होत्या, पण तो हात त्यांनी आपसूक धरला.

दिपाली हलली नाही. तिला इतकं स्थिर मी प्लास्टरमध्येसुद्धा बघितलं नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली, "हा हात मला येतो."

तिनं माती कापायची तार उचलली आणि पुतळ्याचं मुंडकं सर्रकन कापलं. सर "अहो, अहो!" म्हणेपर्यंत कमरेची माती खरवडलीसुद्धा. आतला लोखंडी गज दिसायला लागला.

"फळी धरा सगळ्या. सर, तुम्ही पण. वर उभे राहा."

आम्ही पाच जणं पुतळ्याच्या पायाखालच्या फळीवर उभे राहिलो, सरांच्या हातात अजून काठी. दिपालीनं पुतळ्याच्या काखेत खांदा लावला, डोकं बाजूला घेतलं, कंबर खाली नेली आणि रेटलं. गुडघा वाजला. मी ओरडले, "सोड गं, पाय जाईल!"

"जाऊ दे तिकडं!"

गज कण्हला आणि वळला. पुस्तक खाली पडून फुटलं.

"पुस्तक?" सर क्षीण आवाजात म्हणाले.

"तिला कुठं वाचता येत हुतं, सर?" चतुराबाई म्हणाली. "ती तर आमची दप्तरं धरायची."

मग दिपालीनं तारेचा हात बांधला, मागं जाणारा. माती मुठीनं थापली, अंगठ्यानं दाबली. तिचं करंगळीशेजारचं बोट मोडून वाकडं बसलंय, त्याची खूण जागोजागी उठत होती. म्हाताऱ्यांनी भाकरी सोडली, मलाही दिली. क्रूझरवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. दुसऱ्या खेपेला सरांनीच त्याला गप्प केलं. चेहरा अजून ओबडधोबडच होता, अर्धा खांद्याआड. डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन खळग्या.

चारच्या सुमाराला दिपाली लंगडत बाजूला झाली. कुणाकडंच बघेना. हातातली माती उगाच मळत राहिली.

चतुराबाई उठली. पुतळ्याच्या समोर गेलीच नाही. मागं गेली, अगदी हाताजवळ, आणि कमरेवर हात ठेवून वर बघितलं.

"आलो की," ती म्हणाली. "जरा दमानं चाल ना बाई. पाय दुखायलेत."

दिपाली माझ्या शेजारी खाली बसली. बसली म्हणजे खरंच बसली, पाय लांब करून.

सरांनी वही उघडली, काहीतरी लिहिलं, खोडलं आणि मग विचारलं, "पण हिला उभं कुठं करायचं? शाळेच्या फाटकासमोर ठेवली तर येणाऱ्याला पाठच दिसेल."

"आमाला तशीच दिसायची," मागून दुसरी म्हातारी म्हणाली.

माती वाळत चालली होती. मी खोळ पाण्यात भिजवली आणि चढवायला गेले, तर तो मागं गेलेला हात मध्ये यायला लागला. मापं जुनी, बाई नवी. मी कात्री काढली आणि हातापुरतं भोक पाडायला घेतलं.