निरीक्षकांची छाटणी

वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने गुलाब लावू नयेत, असा कायदा कुठेच नाही. असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

नोकरीत असताना या निरीक्षकांची सावली दुकानात पडली की दुकानदाराचे हातपाय गार पडत. तराजूला जरा झोल दिसला, की यांच्या कपाळाला आठी. निवृत्त झाल्यावर मात्र घरात मोजायला उरलं काय? पहिल्या महिन्यात त्यांनी पिठाचे डबे तपासले, दुसऱ्यात दूधवाल्याचं माप तपासलं, आणि दूधवाल्याने ती गल्लीच सोडली. शेवटी बायकोने वैतागून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. ती म्हणाली, जरा अंगणाकडे बघत जा, तेवढाच वेळ जाईल.

अंगणात तेव्हा एकच गुलाब होता, फाटकाजवळ. त्याला नाव नव्हतं. रंग म्हणावा तर गुलाबी, पण सकाळी एक आणि संध्याकाळी दुसराच. फूल उमललं की दुपारपर्यंत ऐसपैस पसरायचं, पाकळ्यांना शिस्त म्हणून नाही. वास मात्र असा, की फाटकाशी फूल उमललं तर स्वयंपाकघरात कळावं. संसाराच्या सुरुवातीला तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं ते रोप प्रत्येक बदलीत सामानाच्या गाडीतून हिंडलं होतं, तेही बायकोच्या मांडीवर बसून. घर बांधल्यावर त्याला पहिल्यांदा जमीन मिळाली. भाज्या धुतलेलं पाणी आणि चहाचा चोथा, एवढ्यावर ते वर्षानुवर्षं फुलत होतं. निरीक्षकांनी इतक्या वर्षांत त्याच्याकडे धड पाहिलंही नव्हतं, आणि झाडाचं त्यात काही बिघडलं नव्हतं.

आता त्यांनी पाहिलं, आणि नाक मुरडलं.

कारण मधल्या काळात ते गावातल्या गुलाब मंडळाचे सभासद झाले होते. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. मोठे मितभाषी गृहस्थ. समोरचा माणूस तोंड उघडून बसलेला आणि बोलू शकत नाही, अशी जन्मभराची सवय असल्यामुळे त्यांना गप्पांची गरज वाटत नसे. मंडळात निरीक्षकांना पहिल्याच दिवशी कळलं की गुलाब ही साधी गोष्ट नाही. त्यांची सूचिपत्रं असतात. त्यांत गुलाबांना राण्यांची आणि सेनापतींची नावं असतात, आणि प्रत्येक नावापुढे फुलाचा व्यास, दांड्याची लांबी आणि पाकळ्यांची संख्या छापलेली असते. निरीक्षकांना आपलं खातं परत मिळाल्यासारखं झालं. त्यांनी रोपं निवडली ती फूटपट्टी हातात घेऊन. बायकोने एकदाच विचारलं, यातल्या कशाला वास येतो? निरीक्षकांनी सूचिपत्र पुन्हा चाळलं. वासाचा रकानाच नव्हता. जे मोजता येत नाही त्याचा रकाना कशाला असेल, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं.

तर अशा दोन राण्या, तीन सेनापती आणि कुठल्याशा देशाच्या पंतप्रधानांची बायको अंगणात दाखल झाली. सगळ्यांना सारख्या अंतरावर खड्डे, सारखं शेणखत आणि सारखं मोजलेलं पाणी. फुलंही आली, अगदी इस्त्री केल्यासारखी. भिंतीपलीकडच्या शेजारणीला ती कागदाची वाटली, तर त्यात तिचा दोष नव्हता.

वर्षभरात निरीक्षक मंडळात भाषणं देऊ लागले. त्यांचं सगळ्यात गाजलेलं भाषण खुंटावर होतं. ते भाषण घरात बायकोवर इतक्या वेळा घोटून झालं होतं, की मधे ते अडखळले तर ती भाजी चिरता चिरता पुढचं वाक्य सांगायची. सांगायचे ते असं: बाजारातला गुलाब म्हणजे एका जागी बांधलेली दोन झाडं. खाली रानगुलाबाचा खुंट, कारण त्याचं मूळ दणकट. वर त्याच्यात भरलेला जातिवंत गुलाबाचा डोळा. जिथे दोघं जुळतात तिथे गाठ असते. गाठीच्या वरून फुटेल तो आपला गुलाब. गाठीच्या खालून फुटेल तो रानटी, त्याची पानं बारीक आणि वाढ भलती जोरात. तो दिसला की उपटा, नाहीतर तो वरच्याला उपाशी मारील आणि झाड बळकावून बसेल. इथे निरीक्षक थांबायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "ज्याला खुंटाची फूट ओळखता येत नाही, त्याने गुलाब लावू नयेत. कोबी लावावा." टाळ्या पडायच्या.

फाटकाजवळच्या गुलाबाबद्दल बायकोने आधीच बजावलं होतं. बाकी बागेत काय हवा तो गोंधळ घाला, पण याला कात्री लावायची नाही. निरीक्षकांनी मान डोलावली होती. मग ती दोन दिवस बहिणीकडे गेली.

आता त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. मंडळाची उद्यानभेट पुढच्या वर्षी यांच्या घरून सुरू होणार होती. सगळे सभासद एकेकाच्या बागेत जातात आणि वर्षाचा गुलाब निवडतात, ती ही भेट. त्या दिवशी फाटकातून आत येताच पहिलं दर्शन कुणाचं, तर या बेशिस्त झाडाचं. छाटणीबद्दल पुस्तकात लिहिलं होतं की जुनं लाकूड निर्दयपणे काढावं. निरीक्षकांना निर्दयपणा जमत असे. त्यांनी वरून सुरुवात केली, आणि प्रत्येक फांदी दुसरीच्या मापाला आणता आणता ते जमिनीपाशी पोहोचले.

बायको परत आली तेव्हा फाटकाजवळ मुठीएवढं खोड उरलं होतं आणि शेजारी फांद्यांचा ढीग. निरीक्षकांनी घाईघाईने जोम, पुनरुज्जीवन वगैरे शब्द वापरले. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "याचं फूल मला परत दिसू दे. बाकी माझं काही म्हणणं नाही." मग तिने फांद्या कवेत घेतल्या, आणि टाकून येते असं सांगून घरामागे निघून गेली. काटे टोचत असतील, असं निरीक्षकांच्या मनात आलं. त्या दिवसापासून बाकी काही फुलो न फुलो, हे झाड फुललंच पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

आणि झाड उठलं. उठलं म्हणजे काय, उसळलंच. महिनाभरात हातभर फुटवे आणि सहा महिन्यांत माणसाच्या उंचीचं रान. निरीक्षक रोज सकाळी पट्टी घेऊन वाढ मोजायचे, आणि चहाच्या वेळी आकडा जाहीर करायचे. बायको झाडाशी थांबायची, पान उलटसुलट करून बघायची.

"पानं बारीक झालीत," ती एकदा म्हणाली. "आणि वाढ भलती जोरात आहे."

ही निरीक्षकांच्याच भाषणातली वाक्यं होती, पण ती घरच्या माणसाच्या तोंडून आल्यामुळे त्यांना ओळखू आली नाहीत. जोमात आलेल्या झाडाची पानं बदलतात, असं त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, गाठ बघा. ते वाकले. गाठ नव्हती. छाटणी इतकी खालून झाली होती, की गाठ ढिगाबरोबर केव्हाच गेली होती. निरीक्षक समाधानाने सरळ झाले. गाठच नाही म्हटल्यावर वरचं काय आणि खालचं काय? नियम मोडायला नियम लागू तर झाला पाहिजे. बायको भाज्यांचं पाणी घेऊन घरामागे गेली. तिथे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, मोडक्या बादल्या आणि कसलेसे डबे होते. ते खातं स्वयंपाकघराचं, म्हणून निरीक्षक तिकडे कधी फिरकत नसत.

त्या वर्षी झाड फुललं नाही. ते निरीक्षकांनी मोठेपणाने माफ केलं. दुसऱ्या वर्षी, उद्यानभेटीच्या आठवडाभर आधी, त्याच्यावर कळ्या दिसल्या. एक नाही, दोन नाहीत, घोसच्या घोस. कळ्या बारीक होत्या, पण निरीक्षकांच्या डोक्यात तोवर दुसरंच शिजू लागलं होतं. जुनं झाड कधीकधी आपसूक नवा प्रकार देतं, असं त्यांनी वाचलं होतं. त्यांनी मंडळात सांगून टाकलं की वर्षाचा गुलाब शोधायला या वेळी फार हिंडावं लागणार नाही. नव्या गुलाबाला आपलं आडनाव द्यायचं त्यांनी ठरवलं. मग रात्री जरा विरघळून बायकोचं नाव द्यायचं ठरवलं. बायकोला विचारायचं मात्र राहून गेलं.

भेटीच्या दिवशी सकाळी झाडावर जुनी चादर टाकलेली होती. सभासद आले, राण्या-सेनापतींपुढे रांगेने माना हलवून झाल्या, आणि सगळे फाटकाशी जमले. निरीक्षकांनी छोटंसं भाषण केलं आणि चादर ओढली. ती काट्यांत अडकली. दोन सभासदांनी मदत केली तेव्हा कुठे सुटली.

झाड फुलांनी भरलं होतं. पांढरी, पाच पाकळ्यांची, बटणाएवढी फुलं. रस्त्याकडेच्या कुठल्याही कुंपणावर असतात, अगदी तशी. निरीक्षकांनी सवयीने खिशातून पट्टी काढली, एका फुलाला लावली, आणि ती न वाचताच परत ठेवली.

दातांचे डॉक्टर खाली वाकले. त्यांनी फांद्या बाजूला सारल्या, बुंध्यावर बोटाने टकटक केलं, सवयीने किंचित मान तिरकी करून आत पाहिलं.

"मूळ शाबूत आहे," ते म्हणाले. "दात दुसऱ्याचा आहे."

मागून कुणीतरी हळूच 'कोबी' म्हणालं. निरीक्षकांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं खोटी काढलेल्या माणसाला आपलं माप चारचौघांत खोटं निघालेलं बघवत नाही. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना मंडळापेक्षा बायकोची भीती वाटली. याचं फूल मला परत दिसू दे, एवढंच तिने मागितलं होतं. ते आता या जन्मी दिसणार नव्हतं, आणि हे तिला आज नव्हे, वर्षापूर्वीच कळलं होतं.

तेवढ्यात ती चहा घेऊन बाहेर आली. ट्रेमध्ये कपांच्या मधोमध एक पाण्याचा पेला होता, आणि पेल्यात एक फूल. ते तिने मुद्दाम ठेवलं होतं की सहज, हे निरीक्षकांना अजून कळलेलं नाही. गुलाबी, ऐसपैस, पाकळ्यांना शिस्त नाही. ट्रे जवळ आला तशी माणसं पुढे सरकली. कप उचलायचं सोडून एकेकजण पेल्यावर नाक घेऊन वाकला. सूचिपत्रं पाठ असलेली ती मंडळी, पण आपल्या बागेत वास नाही हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं असावं.

डॉक्टरांनी विचारलं, जात कुठली? ती म्हणाली, माहीत नाही. झाड कुठे आहे? मागे, डब्यात आहे, तोडलेल्या फांद्यांतली एक जगली. मग आणलं कुणी होतं मुळात?

"ह्यांनीच," ती म्हणाली. "लग्न झालं तेव्हा. रोपवाल्याने विचारलं कुठला देऊ, तर ह्यांनी सगळ्या रोपांवर नाक लावून पाहिलं आणि हा उचलला."

निरीक्षकांना हे आठवत नव्हतं. मग आठवलं. भाड्याची एक खोली, खिडकीत तेलाचा डबा, आणि फूटपट्टीशिवाय निवडलेली ती एकच गोष्ट. त्यांना भयंकर लाज वाटली, आणि लाजेच्या तळाशी थोडं बरंही वाटलं.

"याला छाटता कसं? खत काय?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"काही नाही," ती कप पुढे करत म्हणाली. "हे तिथे आहे ते ह्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून वाचलं."

पुढच्या बागा न बघताच मंडळाने एकमताने पेल्यातलं फूल वर्षाचा गुलाब म्हणून निवडलं. नावाच्या जागी काय लिहायचं यावर वाद झाला, तेव्हा तिने सांगितलं की इतकी वर्षं नावावाचून अडलं नाही, आताही काही लिहू नका. चहा संपवून सगळे पुढच्या बागेकडे गेले. निरीक्षक त्यांच्याबरोबर गेले नाहीत.

ते पहिल्यांदाच घरामागे आले. दोऱ्यांवर कपडे वाळत होते. त्यांच्या खाली गंजका डबा आणि त्यात ते झाड, यावेळी स्वतःच्याच मुळांवर. गाठ नव्हती, खुंट नव्हता. एक फांदी जरा वाकडी वाढली होती, आणि निरीक्षकांचा हात आपसूक खिशातल्या कात्रीकडे गेला. मागे बायको भाज्यांचं पाणी घेऊन उभी होती.

त्यांनी खिशातला हात बाहेर काढला. काहीतरी मोठं बोलावं असं त्यांना वाटत होतं, पण जमलं एवढंच:

"मी घालू का पाणी?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि पातेलं पुढे केलं.

"घाला," ती म्हणाली. "पण आधी कात्री आत ठेवून या."